क्लोरीनचे दोन जार

कुसुम,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडसरांनी मला बोलायला सांगितलं, कारण सगळ्यांच्या मते मी तुझी सर्वांत जवळची. मी उभी राहिले. आपण कॉलेजात बरोबर होतो हे सांगितलं, तुझं फळ्यावरचं अक्षर सुरेख होतं हे सांगितलं आणि खाली बसले. चित्रकलेच्या बाई माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं, मला हुंदका आवरत नाहीये. हुंदका वगैरे काही नव्हता. मला राग आला होता, आणि गेलेल्या माणसावरचा राग चारचौघांत दाखवता येत नाही, म्हणून मी बसले.

बाकीचे खूप बोलले. शांत होत्या, कोणाला दुखावलं नाही, कधी गडबडल्या नाहीत. हेडसर म्हणाले, कुसुमबाईंच्या वर्गात तीन वर्षांत एक काच फुटली नाही. तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आपण इंटरला होतो. रसायनाच्या प्रयोगशाळेत मुली दोनच, म्हणून आपल्याला एका टेबलाला जोडून टाकलं. माझ्या हातून पहिल्याच महिन्यात दोन पिपेट फुटल्या. तुझ्या हातून चार वर्षांत काचेचा टवका उडाला नाही. ब्युरेटमधलं द्रावण थेंबाथेंबाने सोडताना तू श्वाससुद्धा अडवून धरायचीस आणि मी बाजूला चुळबुळत असायचे. डोकं तुझंही तेज होतं, पण हात तुझेच होते. माझ्या जर्नलमधले निम्मे प्रयोग तुझ्या हातांनी झालेले आहेत, हे मी कधी नाकारलं नाही. आजही नाकारत नाही.

घाटकोपरच्या ह्या शाळेत आधी मी लागले. तू लग्न करून मुलुंडला आलीस, तेव्हा तुझा अर्ज मीच हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आपली प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली, दोन लांब टेबलं आणि एक गळका नळ. स्पिरिटची बाटली दारूबंदीमुळे हेडसरांच्या कपाटात कुलपात असायची आणि दिवा पेटवायचा तर त्यांच्याकडे जाऊन किती हवं ते सांगून आणावं लागायचं. तू एकदा म्हणालीस, आपण दोघी पिऊन पडू अशी भीती आहे त्यांना. त्यावर आपण जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. ते हसणं मला आठवतं, म्हणून जास्त त्रास होतो.

आपलं खरं भांडण एकच, आणि ते सोडियमवरून. तू फळ्यावर दोन वर्तुळं काढायचीस. सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकुलता एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात. आठ झाले की कक्षा भरली. मग तू बाण काढायचीस आणि सांगायचीस, सोडियमला हा एक नकोसा आहे, क्लोरीनला एक हवासा आहे. सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला, दोघं सुखी. धातू देतात, अधातू घेतात. मुलींना हे फार आवडायचं. मागच्या बाकावरच्यासुद्धा लिहून घ्यायच्या.

मी स्टाफरूममध्ये तुला म्हटलं की हे असं नसतं. सोडियम खुशीने काही देत नाही. त्याच्याकडून तो इलेक्ट्रॉन ओढून काढायला ऊर्जा लागते, आणि क्लोरीनला तो मिळाला की जी ऊर्जा सुटते ती त्या कामाला पुरत नाही. एक सुटा अणू इकडे आणि एक तिकडे, एवढंच असेल तर हे जमतच नाही. जमतं ते पुढे. इलेक्ट्रॉन गेला की सोडियमवर धनभार येतो, क्लोरीनवर ऋणभार. मग ते एकमेकांना खेचतात, आणि दोघंच नाहीत, अगणित आयन चहूबाजूंनी एकमेकांना धरून रचले जातात. त्या रचण्यात जी ऊर्जा बाहेर पडते तिच्यावर मिठाचा खडा उभा असतो. देण्याघेण्यावर नाही.

तू शांतपणे चहा ढवळत होतीस. म्हणालीस, "नववीच्या मुलींना एवढं कशाला, सुमे?"

"कारण तू सांगतेस ते खोटं आहे."

"खोटं नाही गं. अर्धं आहे. उरलेलं त्या कॉलेजात शिकतील."

किती जणी कॉलेजात जाणार होत्या, हे तुलाही ठाऊक होतं.

त्या भांडणापायीच आपण नववीला भांडुपच्या मिठागरावर नेलं. थंडीचे दिवस होते, तरी तिथल्या पांढऱ्या उजेडाने डोळे चुरचुरत होते. वाफ्यातलं मीठ ओढणाऱ्या एका आगरी बाईने कोपऱ्यातले, कोणी न ढवळलेले मोठे खडे निवडून मुलींच्या हातावर ठेवले. चौकोनी, सरळ कडांचे. प्रभा नावाची मुलगी होती, मालवणकडची, वडील गिरणीत. तिने एक खडा दगडाने फोडला, तर त्याचे तुकडेही सपाट पृष्ठभागांचेच निघाले. का, म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं की आतले थर एकाआड एक भारांचे असतात, घाव बसला की थर जरासा सरकतो आणि धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतं. सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि खडा त्या रेषेवर सरळ दुभंगतो. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "बाई, मग ह्यातलं कुठलं सोडियम कुठल्या क्लोरीनचं?"

मी म्हटलं, कोणाचंच नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, जोडी म्हणून कुठे नाहीच. तू माझ्याकडे बघून हसलीस आणि हळूच म्हणालीस, "जिंकलीस." कुसुम, मी आयुष्यात फार थोड्या वेळा इतकी खूष झाले असेन.

त्या खुषीतच मी ठरवलं की मुलींना सोडियम क्लोरीनमध्ये जळताना दाखवायचं. पाण्यावर पेट घेणारा धातू आणि श्वासात गेला तर जीव घेणारा वायू, आणि दोघांतून रोजच्या ताटातलं मीठ. तू नको म्हणत होतीस. मॅग्नेशियमची फीत जाळून दाखव, तीही धातू आणि प्राणवायू तोही अधातू, तेवढं पुरे, असं तुझं म्हणणं. मी हट्ट धरला. हे मी लपवत नाही. शेवटी तू म्हणालीस की बरं, पण वायू मी तयार करणार, तुझ्या हातात तेवढी सबुरी नाही.

सकाळी शाळा भरायच्या आधी येऊन तू क्लोरीनचे दोन जार भरलेस. एक सोडियमसाठी, आतून अगदी कोरडा, तळाशी वाळूचा थर. दुसरा रंगीत फुलं पांढरी पडतात हे दाखवायला. त्या कामाला ओलावा लागतो, म्हणून तो पाण्यावरूनच भरलेला, तळाशी बोटभर पाणी. दोन्हींवर काचेची झाकणं, दोन्हींत तोच हिरवट पिवळा वायू. वर्ग सुरू झाल्यावर मी चमच्यात सोडियमचा वाटाण्याएवढा तुकडा वितळवत होते. तू शेजारी होतीस. मी तुझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि विचारलं, "कोरडा ना?"

"हो गं," म्हणालीस आणि जार माझ्यासमोर ठेवलास.

मी तळाकडे बघायला हवं होतं. वाळू आहे की नाही हे बघायला एक क्षण लागतो. इंटरच्या पहिल्या दिवसापासून तू दिलेली वस्तू मी कधी तपासली नाही, तशीच त्या दिवशीही नाही तपासली. चमचा आत सोडल्यावर आधी पिवळी धगधगीत ज्योत उठली, पांढरा धूर झाला, मुली आ करून बघत राहिल्या. मग वितळलेल्या सोडियमचा थेंब खाली पाण्यात पडला आणि जार फुटला.

पहिल्या बाकावर प्रभा होती. तोंडावर तिने हात घेतला म्हणून डोळे वाचले. उजव्या तळव्यातून काच आरपार गेली. नळाखाली तिचा हात धरून मी उभी होते तेव्हा ती रडत नव्हती, फक्त विचारत होती की मीठ झालं का. डॉक्टरांनी शिवलं, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. मधली तीन बोटं पुन्हा वळली नाहीत.

संध्याकाळी खोली साफ करताना मला दुसरा जार दिसला. टेबलाच्या कडेला, झाकण तसंच, तळाशी वाळू. तुलाही दिसला. आपण दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं आणि तू केरसुणी घेऊन काचा गोळा करायला लागलीस.

तिसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत चौकशी झाली. संस्थेचे चिटणीस आले होते. त्यांना रसायन येत नव्हतं, त्यामुळे प्रश्न साधे होते. त्यांनी तुला विचारलं की हे कसं घडलं, साहित्य कोणी मांडलं होतं.

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळलंस आणि म्हणालीस, "प्रयोग सुमनबाईंचा होता."

शब्दाशब्दाने खरं. प्रयोग माझाच होता. चिटणिसांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, तू श्वास घेण्यापुरती थांबली आहेस, पुढचं वाक्य येईल. ते आलं नाही. त्यांनी मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मी म्हटलं, नाही.

का म्हटलं, हे मी तीन वर्षं स्वतःला विचारते आहे. तुझं नाव मी घेणं म्हणजे चहाडी वाटली. शिवाय मला ठाऊक होतं, तुझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, माझी झाली होती. तुला काढून टाकलं असतं, मला नाही. तेवढं गणित मलाही येतं. पण कुसुम, त्याच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडे येऊन म्हणाली असतीस की सुमे, माझ्या हातून जार बदलला, आता काय करू, तर मीच म्हटलं असतं, माझं नाव सांग. हसत म्हटलं असतं. तू मला ते म्हणू दिलं नाहीस. मी आपण होऊन दिलं असतं ते तू न विचारता काढून घेतलंस, आणि वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसून डब्यातली भाजी वाढत राहिलीस.

विज्ञान माझ्याकडून गेलं. मला पाचवीचं मराठी आणि मुलींचं शिवण मिळालं. नववी तुला मिळाली. शिवणाचा वर्ग प्रयोगशाळेला लागून. मी मुलींना तुरपाई शिकवायचे आणि भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा, सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला. एकदा माझ्या हातात सुई एवढी खोल गेली की कापडावर डाग पडला. मुलींना वाटलं, बाईंना चष्मा लागला.

आपण बोलत होतो, हे सगळ्यात वाईट. भांडून तोडलं असतं तर बरं झालं असतं. तू माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी करायचीस, मी तुझ्या दिराच्या लग्नात दोन दिवस राबले. दर वेळी वाटायचं, आज बोलेल. तू तोंड उघडायचीस आणि विचारायचीस की उद्या परीक्षेची पाळी कोणाची आहे. प्रभा एक वर्ष मागे पडून पुन्हा नववीत बसली होती. ती मला बघून जिना बदलायची. मी समजत होते, पोरीच्या मनात माझ्याबद्दल राग आहे, आणि तो बरोबरच आहे. मी एकदा तिच्या घराच्या गल्लीपर्यंत गेले आणि परत आले. कोणत्या तोंडाने जाणार होते?

ह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तू शाळेत आली नाहीस. कावीळ झाल्याचं कळलं. मंगळवारी वसंतराव आमच्या घरी आले. तुझ्या नवऱ्याला मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, ती तुमची सारखी आठवण काढते आहे, जमलं तर येऊन जा. घाटकोपरहून मुलुंड किती लांब आहे? मी त्याच संध्याकाळी येऊ शकत होते. मी म्हटलं, रविवारी येते. आणि मनात म्हटलं की मी तीन वर्षं थांबले, तू पाच दिवस थांब.

शनिवारी सकाळी तू गेलीस.

तेराव्याला मी वसंतरावांना विचारलं की ती काही म्हणाली का. ते म्हणाले, शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. त्याआधी विचारायची, सुमन आली का. मी विचारलं, आणखी काही? ते म्हणाले, नाही, एवढंच. तू मला ते सांगायला बोलावलं होतंस, की नववीच्या चाचणीच्या वह्या माझ्या हवाली करायच्या होत्या, हे मला आता कधीच कळणार नाही. हा राग तुझ्यावरचा आहे की माझ्यावरचा, तेही मला नीट सांगता येत नाही.

इथपर्यंत सगळं मला माहीत होतं. काल नवीन कळलं.

काल शनिवार. दुपारी दार वाजलं तर प्रभा आणि तिची आई. पोरगी केवढी उंच झाली आहे. अकरावीत आहे, मार्चमध्ये एस.एस.सी.ला बसेल. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. प्रभाच म्हणाली, "बाई, शनिवारी कुसुमबाई आमच्याकडे यायच्या."

मला आधी समजलंच नाही. तू शनिवारी अर्धी शाळा सुटली की घाईघाईने निघायचीस, ते मुलुंडची गाडी पकडायला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तू त्यांच्या खोलीवर जात होतीस. तीन वर्षं. पहिलं वर्ष तू तिला नुसतं डाव्या हाताने लिहायला शिकवलंस. आधी रेघा, मग अक्षरं, मग रसायनाची समीकरणं. तिने वही दाखवली. डाव्या हाताचं अक्षर आहे, पण वळण तुझं आहे. मी ती वही दोनदा चाळली.

मी विचारलं, बाई का यायच्या, हे तुला कधी सांगितलं त्यांनी? प्रभाने आईकडे बघितलं. आई म्हणाली, पयल्याच दिवशी. तू त्यांच्या उंबऱ्यात उभी राहून सांगितलंस की जार मी दिला होता, चूक माझी, सुमनबाईंची नाही. रडलीस. त्या माउलीने तुला आत घेतलं, चहा केला. आणि मला म्हणाली, "माका वाटला, तुमका म्हायत आसतला."

मला माहीत नव्हतं, कुसुम. गिरणीकामगाराच्या दहा बाय बाराच्या खोलीत माहीत होतं. मला नव्हतं. एका तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर तू ते टाकलंस आणि ती तीन वर्षं मला चुकवत फिरली, कारण तिला सगळं ठाऊक होतं आणि बोलायची चोरी होती. जिना ती रागाने बदलत नव्हती, लाजेने बदलत होती. तुझ्या लाजेने.

मी प्रभाला विचारलं, त्यांनी तुला मला सांगू नको म्हटलं होतं का?

"नाही बाई. त्या म्हणायच्या, सुमनबाईंना मी स्वतः सांगणार आहे." तिने वही मिटली. "आधी म्हणाल्या, दिवाळीनंतर सांगते. मग म्हणाल्या, मे महिन्याच्या सुट्टीनंतर."

"मग?"

"मग परत दिवाळीनंतर."

मला हसू आलं. खरंच आलं. आईसमोर, पोरीसमोर मी हसले आणि मग इतके दिवस जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. प्रभाच्या आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिने तुझ्याही पाठीवरून फिरवला असेल.

त्या जायला उठल्या तेव्हा प्रभा दारात घुटमळली. मला वाटलं, अजून काही सांगायचं राहिलं आहे. तिला विचारायचं होतं, रसायनाचे पाच धडे राहिलेत, आता कोणाकडे जाऊ. तिला पुढे शिकायचंय. तू तिच्या डोक्यात घातलंस की ती बी.एस्सी. होऊ शकते. आणि ते बरोबर आहे, होईल ती. मिठागरावर तिने जो प्रश्न विचारला होता तो मला बी.एस्सी.पर्यंत पडला नव्हता.

हेडसरांकडे जाऊन आता खरं सांगावं, असं काल रात्रभर मनात होतं. सकाळी उठून वाटलं, कोणासाठी? तू तिथे ऐकायला असतीस तर गेले असते. मला विज्ञान परत मिळावं म्हणून तुझं नाव घेणं मला जमणार नाही, आणि न घेतल्याचा मोठेपणाही मला नको आहे. हे सगळं माझ्यापाशीच राहणार, जसं तुझं तुझ्यापाशी राहिलं. तू निदान शनिवारी एका दारात जाऊन बोलत होतीस. मला ह्या कागदाशी बोलावं लागतं आहे.

तुझ्यासारखा तिचा डावा हात धरून शिकवायचा धीर माझ्यात नाही. मी भराभर बोलते, मुलगी मागे राहिली तर चिडते. तरी मी प्रभाला म्हटलं, पुढच्या शनिवारी ये, आणि वही आण.

मी तुला माफ केलेलं नाही, कुसुम. परीक्षा मार्चमध्ये आहे.